हेडफोनचा ट्यूब ॲम्प आणि न जुळणारे व्होल्ट : प्रकल्प नोंदी

२ ऑगस्ट

जोडणी पूर्ण झाली, वीज अजून दिलेली नाही. स्विच टाकण्याआधी कुठे किती व्होल्ट यायला हवेत ते इथे उतरवून ठेवते आहे. हे आधी लिहिलेलं नसलं, की मीटरने दाखवलेला कुठलाही आकडा पटायला लागतो.

सर्किट असं आहे. पुढे एक १२एयू७ ट्यूब, म्हणजेच ईसीसी८२. तिच्यात दोन ट्रायोड असतात, एकेका चॅनलला एकेक. ट्रायोडमध्ये हीटर कॅथोडला तापवतो, तापलेला कॅथोड इलेक्ट्रॉन सोडतो, प्लेट ते गोळा करते आणि मधलं ग्रिड त्यांचा प्रवाह कमी-जास्त करतं. मागे ६०८०, तिचेही दोन भाग तसेच वाटलेले. १२एयू७ची प्लेट थेट ६०८०च्या ग्रिडला जोडली आहे, मधे डीसी अडवणारा कपलिंग कपॅसिटर नाही. ६०८० कॅथोड फॉलोअर म्हणून चालते, म्हणजे ग्रिडचे व्होल्ट जसे हलतील तसा तिचा कॅथोड हलतो. तिच्या कॅथोडखाली ३ किलोओहमचा १० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर आहे, आणि कॅथोडवरून १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून आवाज हेडफोनला जातो. ६०८० मुळात रेग्युलेटेड पॉवर सप्लायसाठी बनलेली ट्यूब. तिचा ॲम्प्लिफिकेशन फॅक्टर जेमतेम २, पण आतला रेझिस्टन्स फक्त २८० ओहमच्या आसपास. म्हणूनच ३०० ओहमचे हेडफोन ती आउटपुट ट्रान्सफॉर्मरशिवाय चालवू शकते. ३२ ओहमच्या हेडफोनसाठी हे सर्किट नाही.

एचटी, म्हणजे प्लेटांना लागणारं उच्च डीसी व्होल्टेज, १८० व्होल्ट धरलं आहे. १२एयू७च्या प्लेटला ३३ किलोओहम, कॅथोडला ६८० ओहम. ३ मिलिअँपिअर वाहिले की प्लेट रेझिस्टरवर ९९ व्होल्ट पडतात, प्लेटवर ८१ उरतात आणि कॅथोडवर २.०४ येतात. ६०८०चं ग्रिड ८१वर असेल तर तिचा कॅथोड वीस-बावीस व्होल्ट वर जाऊन बसेल, म्हणजे १०३-१०४ व्होल्ट. ३ किलोओहममधून साधारण ३४.५ मिलिअँपिअर.

पॉवर सप्लायमध्ये १५० व्होल्टचं वाइंडिंग, सिलिकॉन ब्रिज, त्यानंतर २२० मायक्रोफॅरड, १०० ओहम, २२०, पुन्हा १०० ओहम, पुन्हा २२०. हे तिन्ही कपॅसिटर २५० व्होल्टचे, जुन्या सामानातले. शेवटच्या कपॅसिटरवर ८२ किलोओहम आणि २२ किलोओहम एकापुढे एक जोडून ब्लीडर, म्हणजे बंद केल्यावर कपॅसिटर रिकामे करणारी वाट, केला आहे, आणि त्यांच्या मधल्या बिंदूवरून हीटरच्या वाइंडिंगला सुमारे ३८ व्होल्टचा आधार दिला आहे, त्यामुळे हीटरमधून येणारी घुंघुं कमी होते.

सगळा प्रवाह मिळून ७७ मिलिअँपिअर होतो. म्हणजे प्रत्येक १०० ओहमच्या रेझिस्टरवर ७.७ व्होल्ट पडायला हवेत. हे दोन रेझिस्टर फिल्टरसाठी बसवलेत खरे, पण माझ्या लेखी ते ॲमीटर आहेत. एकही तार न तोडता प्रवाह वाचता येतो.

३ ऑगस्ट

ट्यूब न लावता, सिरीज बल्बमधून (मेन्सच्या वाटेत जोडलेला बल्ब, शॉर्ट असेल तर पेटलेलाच राहतो) पहिली वीज. बल्ब क्षणभर उजळला आणि विझला, म्हणजे शॉर्ट नाही.

सुरक्षेचं आधी लिहिते. ट्यूबशिवाय एचटी २२१ व्होल्टवर चढलं. ६६० मायक्रोफॅरड आणि २२१ व्होल्ट, म्हणजे सुमारे १६ ज्यूल. हातातून छातीकडे जायला एवढे पुरेसे आहेत. स्विच बंद केल्यावर ब्लीडरला हे २२१चे ५० व्होल्टपर्यंत उतरवायला दीड मिनिटाहून जास्त लागतं. ब्लीडर तुटला असेल तर व्होल्टेज तसंच राहतं, आणि ते बाहेरून दिसत नाही. म्हणून २.२ किलोओहमचा १० वॉटचा रेझिस्टर, दोन्ही टोकांना इन्सुलेटेड क्लिपा, हे हत्यार टेबलावर कायम. बंद, डिस्चार्ज, मीटरने खात्री, मगच हात. चालू सर्किटमध्ये काळी प्रोब क्लिपने चॅसीला अडकवलेली आणि मोजायला एकच हात, दुसरा टेबलाखाली.

ट्यूब नसताना फक्त ब्लीडरचा प्रवाह वाहायला हवा, २.१ मिलिअँपिअर. दुसऱ्या १०० ओहमवर ०.२१ व्होल्ट, बरोबर. पहिल्यावर मात्र ०.२६. म्हणजे मधल्या कपॅसिटरमध्ये अर्धा मिलिअँपिअर जातो आहे. पडून राहिलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुरुवातीला थोडा प्रवाह पितोच, हळूहळू तो कमी व्हायला हवा. नोंद करून ठेवली.

९ ऑगस्ट

ट्यूब लावल्या. हेडफोनच्या जागी ३०० ओहमचे रेझिस्टर.

एचटी १७८. थोडं कमी, पण चालण्यासारखं. १०० ओहमवर ८.२ व्होल्ट, म्हणजे ८२ मिलिअँपिअर. पाच जास्त.

डावा चॅनल: १२एयू७ची प्लेट ७९.५, कॅथोड २.०३, ६०८०चा कॅथोड १०२. अगदी हिशेबाप्रमाणे.

उजवा चॅनल: १२एयू७ची प्लेट ११७, कॅथोड १.२६, ६०८०चा कॅथोड १२५.५.

उजव्या बाजूचा ३ किलोओहमचा रेझिस्टर सव्वापाच वॉट जाळतो आहे. तो सहन करेल, पण ६०८०च्या प्लेट आणि कॅथोडमध्ये जेमतेम ५२ व्होल्ट उरले आहेत. आवाज मोठा केला की तोल जाणार. बंद केलं.

१० ऑगस्ट

इथे पहिला संशय ६०८०वर जातो. ती सगळ्यात गरम असते आणि तिचे दोन भाग एकसारखे नसतात ही तिची ख्याती. दोन अर्ध्या भागांत दहा-वीस टक्के फरक सर्रास सापडतो. पण आकडे नीट वाचले तर ६०८० निर्दोष आहे. कॅथोड फॉलोअर ग्रिडच्या मागोमाग जातो. ग्रिड ११७वर आहे, म्हणून कॅथोड १२५वर. ६०८० बिघडलेली असती तर बहुधा ग्रिड ८१वर राहून फक्त कॅथोड हलला असता. थेट जोडणीच्या सर्किटमध्ये मागच्या टप्प्यावर दिसणारा बिघाड पुष्कळदा पुढच्या टप्प्यात असतो. म्हणून एक पायरी मागे.

१२एयू७. नुसते व्होल्ट पाहून इथे काही कळत नाही, त्यांचा प्रवाह करून पाहिला. प्लेट रेझिस्टरवर १७८ वजा ११७, म्हणजे ६१ व्होल्ट. भागिले ३३ किलोओहम, १.८५ मिलिअँपिअर. कॅथोड रेझिस्टरवर १.२६ व्होल्ट भागिले ६८० ओहम, तेही १.८५.

या दोन आकड्यांचं जुळणं मोलाचं आहे. एखादा रेझिस्टर चुकीच्या किमतीचा असता किंवा तापून बदलला असता, तर हे आकडे एकमेकांशी भांडले असते. प्लेटच्या बिंदूवरून प्रवाह कुठे गळत असता, तरी जमाखर्च जुळला नसता. जुळतो आहे, म्हणजे दोन्ही रेझिस्टर खरे, वाट स्वच्छ, आणि ट्यूबच ३ऐवजी १.८५ मिलिअँपिअर सोडते आहे.

ट्यूब कमी का सोडते? ग्रिड उणे झालेलं असेल, ट्यूब थकलेली असेल, किंवा कॅथोड पुरेसा तापत नसेल. ग्रिडवर मीटरने शून्य दाखवलं, मिलिव्होल्टच्या रेंजवरही. ट्यूब बदलून पाहिली. उजवा चॅनल ११६, म्हणजे जागचा हलला नाही. राहिला हीटर.

१२एयू७मध्ये दोन वेगळे हीटर असतात. ६.३ व्होल्टवर चालवायची तर ४ आणि ५ नंबरच्या पिना एकत्र आणि परतीला ९. प्रत्येक हीटर १५० मिलिअँपिअर घेतो. सॉकेटच्या खालच्या टॅगवर, म्हणजे वायर सोल्डर केलेल्या पट्टीवर, मोजलं, ४ ते ९मध्ये ६.२, ५ ते ९मध्ये ६.२. दोन्ही ठीक. इथे थांबलं तर हीटरही सुटतो.

मग खोलीतला दिवा बंद केला आणि ट्यूबकडे नुसतं पाहिलं. एका बाजूच्या कॅथोडच्या नळीतून नारिंगी उजेड, दुसऱ्या बाजूला काळपट तांबडा, जेमतेम दिसणारा. टॅगवर वीज पूर्ण आहे आणि हीटरला ती मिळत नाही. मधे उरतं ते एकच: सॉकेटची पकड आणि ट्यूबची पिन यांच्यातला स्पर्श.

वीज बंद करून ट्यूब दोन मिलिमीटर उचलली, पिना थोड्या उघड्या दिसतील इतकीच. प्रोबच्या टोकाला स्लीव्ह चढवून फक्त अणकुचीदार टोक मोकळं ठेवलं, कारण याच गोलात १ आणि ६ नंबरच्या पिनांवर प्लेटचे व्होल्ट असतात. पुन्हा चालू करून ४ नंबरचा टॅग आणि त्याच नंबरची पिन यांच्यामध्ये एसी मोजलं. चांगल्या स्पर्शावर इथे काही मिलिव्होल्ट यायला हवेत. आले २.४ व्होल्ट. त्या हीटरला ३.८ व्होल्टवर दिवस काढावे लागत होते.

ट्यूब परत खाली बसवली, उजव्या प्लेटवर मीटर ठेवलं, आणि लाकडी काडीने ट्यूबला बाजूने हलका दाब दिला. आकडा उडी मारून बदलला नाही. ११७, ११५, १११, मग १०४, ९६, असं उतरत काही सेकंदांनी ८२वर येऊन थांबला. काडी काढली की तसाच सावकाश वर. हा सावकाशपणा हीच खूण. प्लेटचा, ग्रिडचा किंवा कॅथोडचा जोड सैल असता तर आकडा तत्क्षणी उडाला असता. कॅथोड तापायला आणि निवायला वेळ लागतो, म्हणून सेकंदांच्या चालीने सरकणारा आकडा दिसला की आधी हीटरकडे पाहावं. ड्राय सोल्डर शोधायला सर्किट ठोकून पाहणारे पुष्कळ असतात. ठोकल्यावर आकडा किती वेगाने बदलतो हेही पाहावं, त्यात अर्धं निदान असतं.

१२ ऑगस्ट

नऊ पिनांचं सॉकेट बदललं. जुन्यातल्या ४ नंबरच्या पकडीची स्प्रिंग मेली होती, दोन पाकळ्यांत पिन नुसती सरकून जायची. नवं सिरॅमिकचं, घट्ट.

हाताशीच होतं म्हणून हीटरच्या वायरीही बदलल्या. ट्रान्सफॉर्मरच्या टोकाला ६.३५ आणि ६०८०च्या ७ आणि ८ नंबरच्या पिनांवर ६.०५ होते. ६०८० एकटी २.५ अँपिअर घेते, बारीक वायरीत ०.३ व्होल्ट जात होते. दहा टक्क्यांची मुभा धरली तर ५.७पर्यंत चालतं, त्यामुळे हा बिघाड नव्हता. जाड वायर घातल्यावर ६.२ आले.

उजवी प्लेट आता ८१, कॅथोड २.०४, ६०८०चा कॅथोड १०४. डावा चॅनल एखाद्या व्होल्टच्या फरकाने तसाच. एचटी १८०. १०० ओहमवर ७.७ आणि ७.७. हेडफोन मात्र अजून लावलेला नाही.

१६ ऑगस्ट

बराच वेळ चालू ठेवून पाहायचं ठरवलं होतं. तासाभराने एचटी १८०वरून १७५.५वर आलं होतं. दोन्ही चॅनल त्याच प्रमाणात खाली.

घरात येणारी वीज वर-खाली होते, म्हणून एचटी उतरलं की दोष आधी तिच्यावर टाकला जातो. ते तपासायला दुसरं मीटर मेन्सवर लावायची गरज नाही. हीटरचं वाइंडिंग त्याच ट्रान्सफॉर्मरवर आहे आणि हीटरचा भार कायम असतो. मेन्स अडीच टक्के उतरली असती तर हीटरही अडीच टक्के उतरला असता. हीटर ६.२वर ठाम. मेन्सचा संबंध नाही. एका मीटरची क्लिप हीटरवर ठेवून काम करण्याची सवय मी याचसाठी लावून घेतली आहे.

मग दोन १०० ओहम. पहिल्यावर ९.३ व्होल्ट, दुसऱ्यावर ७.५. आत ९३ मिलिअँपिअर येतात, पुढे ७५ जातात. १८ मिलिअँपिअर मधल्या बिंदूवरून जमिनीत उतरतात, आणि त्या बिंदूवर कपॅसिटरशिवाय दुसरं काही जोडलेलंच नाही.

१८३ व्होल्टवर १८ मिलिअँपिअर म्हणजे ३.३ वॉट, एका ॲल्युमिनियमच्या डबीच्या पोटात. बंद करून, डिस्चार्ज करून हात लावला. पहिला आणि तिसरा कोमट, मधल्यावर बोट ठेववेना. लीक वाढलं की कपॅसिटर तापतो आणि तापला की लीक आणखी वाढतं. तसाच चालू ठेवला असता तर वरचा व्हेंट फुटून आतलं रसायन सगळ्या चॅसीवर उडालं असतं. ३ तारखेच्या नोंदीतला अर्धा मिलिअँपिअर कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेला होता.

१७ ऑगस्ट

तिन्ही कपॅसिटर बदलले, ३५० व्होल्टचे घातले.

एकच बिघडला होता, तरी तिन्ही बदलण्याचं कारण चालू होतानाच्या काही सेकंदांत आहे. सिलिकॉन ब्रिज लगेच पूर्ण व्होल्टेज देतो. ट्यूब मात्र थंड असतात, प्रवाह घेत नाहीत. तेवढा वेळ तिन्ही कपॅसिटरवर १८० नसतात, २२१ असतात. मेन्स दहा टक्के वाढली तर २४३. २५० व्होल्टच्या कपॅसिटरला रोज इतक्या काठावर उभं करणं बरोबर नाही. रेक्टिफायरही ट्यूबचा असता तर एचटी सावकाश चढलं असतं. सिलिकॉन वापरायचं तर कपॅसिटरची निवड थंड व्होल्टेजवरून करायची.

इलेक्ट्रोलिटिकचं इन्सुलेशन म्हणजे ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा पातळ थर. वर्षानुवर्षं वीज न मिळता पडून राहिला की तो थर विरळ होतो. १०० किलोओहमच्या रेझिस्टरमधून हळूहळू व्होल्टेज चढवत नेलं तर पुन्हा धरतोही, आणि जुने रेडिओ दुरुस्त करणारे तसं करतात. ज्याचा नवा मिळत नाही अशा कपॅसिटरसाठी ते ठीक. इथे नको.

ट्यूब काढून मोजलं, दोन्ही रेझिस्टरवर ०.२१. ट्यूब लावून दोन तास चालवलं, दोन्हीवर ७.७, एचटी १८०वरच. १०० हर्ट्झची बारीक घुंघुं होती तीही गेली.

२३ ऑगस्ट

उजवा चॅनल पुन्हा. या वेळी अगदी हळू. चालू केल्यावर प्लेट ८१, ६०८०चा कॅथोड १०४. तासाभराने प्लेट ८४.५, कॅथोड १०६.५. डावा तिळमात्र हलत नाही. अडीच व्होल्ट म्हणजे विशेष काही नाही, ऐकायलाही येणार नाही. पण थांबत नाही हे मला पटत नव्हतं.

तोच जमाखर्च पुन्हा मांडला. प्लेट रेझिस्टरवर ९५.५ व्होल्ट, म्हणजे २.८९ मिलिअँपिअर. कॅथोडवर २.२० व्होल्ट, म्हणजे ३.२४. डाव्या बाजूला दोन्हीकडे ३.०. उजव्या ट्रायोडमधून वाहणारा प्रवाह त्याच्या प्लेट रेझिस्टरने दिलेल्या प्रवाहापेक्षा ०.३५ मिलिअँपिअरने जास्त आहे. एक टक्क्याच्या रेझिस्टरची सूट धरली तरी एवढा फरक येत नाही, आणि ट्यूब काढून मोजले तर दोन्ही रेझिस्टर जिथल्या तिथे होते.

त्या बिंदूला आणखी एकच गोष्ट जोडलेली आहे: ६०८०चं ग्रिड. प्रवाह ग्रिडमधून बाहेर येतो आहे. निरोगी ग्रिड, तेही कॅथोडच्या २२ व्होल्ट खाली बसलेलं, असं काही करत नाही. दोन कारणांनी होतं. ट्यूबमध्ये थोडा वायू शिरला किंवा सुटला असेल तर त्याचे धन आयन ऋण ग्रिडवर येऊन आदळतात. किंवा कॅथोडवरचं द्रव्य उडून ग्रिडच्या तारेवर बसलेलं असतं आणि तार तापली की तीही इलेक्ट्रॉन सोडू लागते. दोन्हींत प्रवाहाची दिशा एकच. तापत जाईल तसा वाढतो आहे, त्यामुळे मला दुसरं कारण जास्त संभवतं. ट्यूबचं भवितव्य दोन्हींत सारखंच.

इथे १२एयू७ पुन्हा दोषी दिसत होती, कारण आकडे तिच्या प्लेटवर आणि कॅथोडवर बदलत होते. १० तारखेला ६०८० दोषी दिसत होती आणि बिघाड १२एयू७च्या सॉकेटमध्ये निघाला. आज उलट. त्या दिवशी प्लेट आणि कॅथोडचे प्रवाह जुळत होते, आज जुळत नाहीत, एवढाच दोन्हींतला फरक. व्होल्टच्या आकड्यांत तो दिसत नाही. दोन्ही वेळा प्लेट वर गेलेली, दोन्ही वेळा ६०८०चा कॅथोड वर गेलेला.

याच ट्यूबला कपलिंग कपॅसिटर आणि १ मेगओहमचा ग्रिड रेझिस्टर दिला असता तर? ०.३५ मिलिअँपिअर गुणिले १ मेगओहम, ३५० व्होल्ट. अर्थात तिथवर पोचायच्या आत ग्रिडचा उणेपणा संपला असता आणि ६०८०चा प्रवाह हाताबाहेर गेला असता. डेटाशीट ग्रिडच्या वाटेतला रेझिस्टन्स १ मेगओहमच्या वर जाऊ देत नाही ते यामुळे, आणि जुन्या ट्यूबला तर मी त्याच्या कितीतरी खाली राहीन. थेट जोडणीत ग्रिडला दिसणारा रेझिस्टन्स १३ किलोओहमच्या आसपास आहे, म्हणून बिघाड तीन-साडेतीन व्होल्टवर निभावला.

२४ ऑगस्ट

दुसरी ६०८०. दोन तास. उजवीकडे प्लेट ८१ ते ८१.५, दोन प्रवाहांतला फरक ०.०१ मिलिअँपिअर, म्हणजे मीटरच्या चुकीइतका. जुनीवर तारीख आणि ०.३५ हा आकडा लिहून वेगळी ठेवली.

२५ ऑगस्ट

एक छोटी गोष्ट. ६०८०च्या डाव्या भागाच्या ग्रिडवर प्रोब टेकवली की कॅथोडचा आकडा दीड-दोन व्होल्टने सरकायचा. मीटर १० मेगओहमचं आहे, ते १३ किलोओहमच्या वाटेला ओढून खाली आणू शकत नाही. प्रोबची वायर लागताच आकडा बदलतो याचा अर्थ ट्यूब ऐकू न येणाऱ्या वारंवारतेवर आंदोलन करते आहे, निदान करायच्या बेतात आहे. दोन्ही ग्रिडच्या टॅगवर १ किलोओहमचा रेझिस्टर, पाय अगदी आखूड ठेवून, सोल्डर केला. आता आकडा हलत नाही. मोजतानाही प्रोबच्या टोकाला १०० किलोओहमचा रेझिस्टर लावते. १० मेगओहमच्या मीटरवर त्याने एक टक्का फरक पडतो, तो चालतो.

३० ऑगस्ट

हेडफोन लावायच्या आधी जॅकवरचं डीसी. आउटपुट कपॅसिटरच्या एका टोकाला १०४ व्होल्ट आहेत, दुसऱ्या टोकाला हेडफोन. त्या कपॅसिटरवर आंधळा भरवसा नको.

३०० ओहमच्या रेझिस्टरवर स्थिर झाल्यावर १ ते २ मिलिव्होल्ट. चालू होताना ६०८०चा कॅथोड सात-आठ सेकंदांत शून्यावरून १०४वर चढतो. १०० मायक्रोफॅरड त्या वेगाने भरायला १.३ ते १.५ मिलिअँपिअर लागतात, ३०० ओहमवर साधारण ०.४ व्होल्ट. मीटरने शिखर ०.४१ दाखवलं. हेडफोनला इजा करण्याइतकं नाही, पण कानावर असताना चालू करू नये इतकं आहे.

खरा धोका वेगळा आहे. जॅकवर काहीच जोडलेलं नसताना चालू केलं तर आउटपुट कपॅसिटरचं दुसरं टोक अधांतरी राहतं आणि कपॅसिटर भरतच नाही. नंतर हेडफोन खुपसला की शंभर व्होल्टचा धक्का थेट कॉइलमध्ये. त्यासाठी दोन्ही आउटपुटवर जमिनीकडे २.२ किलोओहमचे रेझिस्टर कायमचे बसवलेले आहेत. ते तुटलेले नाहीत ना, हे मोजल्याशिवाय या प्रकारच्या ॲम्पला हेडफोन लावू नये. दोन्ही मोजले, २.२ आणि २.२.

आजचे आकडे, तासभर तापल्यावर:

एचटी १८०.५. हीटर ६.२. १०० ओहमवर ७.७ आणि ७.७.
डावा: प्लेट ८०.५, कॅथोड २.०६, ६०८०चा कॅथोड १०३.
उजवा: प्लेट ८१, कॅथोड २.०५, ६०८०चा कॅथोड १०४.
प्लेट आणि कॅथोडच्या प्रवाहांतला फरक, दोन्हीकडे ०.०१ मिलिअँपिअरच्या आत.

हेडफोन लावला. इनपुट शॉर्ट करून आवाज पूर्ण मोठा केला, शांत खोलीत कान लावूनही घुंघुं नाही. मग गाणं लावलं आणि बराच वेळ ऐकत बसले.

राहिलेलं काम: जॅकवर रिले, चालू झाल्यावर ४० सेकंद दोन्ही आउटपुट जमिनीला शॉर्ट धरणारा आणि मेन्स गेली की लगेच पुन्हा शॉर्ट करणारा. रिलेची कॉइल हीटरच्या वाइंडिंगवर टाकायची नाही, ते वाइंडिंग ३८ व्होल्टवर उचललेलं आहे. तिच्यासाठी छोटा वेगळा ट्रान्सफॉर्मर लागेल.